बांधातलं घरटं

"झालं मॅडम," खिडकीतून अर्धा बाहेर वाकलेला रितेश आत येत म्हणाला, "ते जुनं भोकपण बुजवून टाकलं. पाली येतात त्यातून." एसी बसवायला आलेला हा मुलगा कामाला चोख होता, सांगितलेल्यापेक्षा जास्त करणारा. बिल्डरने चुकीच्या जागी पाडून ठेवलेलं ते भोक आतून प्लास्टिकच्या टोपणाने बंद होतं, त्यामुळे रोह्याच्या या फ्लॅटमध्ये राहायला आल्यापासून मी त्याचा कधी विचारच केला नव्हता. बरं झालं म्हणून मी चहा ओतायला वळणार, तेवढ्यात खिडकीच्या ग्रिलवर दयाळ पक्षी येऊन बसला. काळा-पांढरा नर, शेपटी उभी, चोचीत हिरवी अळी. एरवी हा पक्षी सकाळी समोरच्या टाकीवर बसून गातो आणि नितेश, माझा नवरा, रात्रपाळीहून येऊन झोपलेला असला की उशी कानावर घेऊन त्याला शिव्या घालतो. पण चोचीत अळी असलेला पक्षी गात नाही. तो भिंतीकडे गेला, ओल्या पांढऱ्या सिमेंटसमोर क्षणभर पंख फडफडवत अधांतरी राहिला आणि परत ग्रिलवर आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. अळी चोचीतच.

"उघड ते," मी म्हटलं.

"काय?"

"भोक. आत पिल्लं आहेत."

"मॅडम, पांढरं सिमेंट हाय, आता पकडंल ते. नंतर—"

"आधी उघड म्हटलं ना!" हा आवाज माझा आहे हे मला उशिरा कळलं. आतल्या खोलीतून दिशा, आमची मुलगी, पुस्तक हातात घेऊन धावत आली. रितेशने स्क्रू ड्रायव्हर घेतला, पुन्हा बाहेर वाकला, सिमेंटचे लपके खाली पडू लागले. मग त्याने मोबाइलचा उजेड आत टाकला. "तीन हायत," तो म्हणाला, आणि बिचारा खरंच घाबरला होता. "जित्ती हायत मॅडम. आई शप्पत, मी बघितलंच नाय. तुम्ही तरी सांगायचं ना." मला कुठे माहीत होतं, असं म्हणता आलं असतं आणि ते खरंही होतं. पण मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. दिशा मागून आली, "आई, पिल्लं वाचली, तू कशाला रडतेस?" म्हणाली. मी रडत नव्हते. 'सांगायचं ना' हे जे वाक्य चोवीस वर्षांपूर्वी मला कुणीतरी म्हणायला हवं होतं आणि कुणीच म्हणालं नाही, ते हा परका मुलगा सहज म्हणून गेला होता.

संध्याकाळी नितेशने सगळं ऐकलं आणि हसून घेतलं. एसी लावून ठेवायचा पण चालवायचा नाही, कारण बाहेरच्या मशिनच्या धडधडीने दयाळीण पळेल, हा माझा हुकूम त्याने मान्य केला. "मे महिन्यात एसी घेऊन उकाड्यात बसणारं रोह्यातलं एकमेव घर," असं तो शेजाऱ्यांना सांगत सुटला. दिशा म्हणाली, आईचा जीव पक्ष्यांत आहे, आपण नुसते भाडेकरू. घरात सगळे मजेत होते. मला मात्र त्या रात्रीपासून जेवण जाईना. डोळे मिटले की उजव्या हाताच्या बोटांना ते लागायचं: गरम, मऊ, कातडीतून नुकत्याच फुटलेल्या पिसांच्या काड्या टोचणारं, आणि त्याखाली धडधडणारं. दयाळाच्या पिल्लांना मी हातही लावला नव्हता. ही बोटं जुनी होती.

आमचं गाव धरमतरच्या खाडीकडे, वडखळवरून आत. खारेपाटातलं. ज्यांनी ती जमीन पाहिली नाही त्यांना सांगायचं तर, भरतीच्या वेळी खाडीचं पाणी आमच्या भाताच्या शेतांपेक्षा उंच असतं. मध्ये मातीचा बांध, त्याला आम्ही बाहेरकाठा म्हणतो. तो आहे तोवर भात आहे. बांधाला भगदाड पडलं की त्याला खांड म्हणतात, आणि खांड पडली की शेतात खारं पाणी शिरतं, मग तीन-चार वर्षं काही पिकत नाही, आणि नंतर तिवरं उगवली की कधीच पिकत नाही. हा बांध सरकारने नाही, गावाने जपायचा. त्यासाठी जोळ होता, म्हणजे सगळ्या घरांनी मिळून बांध राखायची पद्धत. प्रत्येक घराला बांधाची ठरावीक लांबी वाटून दिलेली. उधाणाआधी भांगाचे दिवस येतात, तेव्हा भरती लहान असते. त्या दिवसांत प्रत्येकाने आपली वाटणी फिरायची, उंदराने किंवा खेकड्याने पाडलेलं भोक दिसलं की खांद्यापर्यंत हात घालून ते कुठवर जातं ते बघायचं, दोन्ही अंगांनी चिकण मातीचे गोळे ठोसून बुजवायचं, आणि शेवटी शेताच्या बाजूला ओल्या मातीवर आपला पंजा उठवायचा. पंजा म्हणजे सही. खाडीच्या बाजूला उठवून उपयोग नाही, भरती तो पुसून टाकते. मागून जोळाचा राखण्या अख्खा बांध फिरायचा. पंजा दिसला की पुढे जायचं, नाही दिसला की स्वतः हात घालायचा. एवढ्यावर सगळं गाव जेवत होतं. आमचे राखण्ये जनूकाका होते.

मी अठरा वर्षांची होते. बारावीचा निकाल लागला होता आणि जेठ महिना उतरणीला लागला होता. बाबांच्या हाताला विळा लागून टाके पडलेले, गणेश, माझा धाकटा भाऊ, तापाने फणफणलेला, म्हणून आमची वाटणी फिरायला मी गेले. मला त्याचा अभिमानच वाटला होता, पोरींना बांधावर कोण पाठवतं! दशमी होती. ऊन बांधावर सरळ पडत होतं आणि चिखलाला उकडलेल्या अंड्यासारखा वास येत होता. वाटणीच्या जवळजवळ शेवटी, शेताच्या अंगाला, गवताच्या झुबक्याआड भोक दिसलं. मी हात घातला. कोपरापर्यंत गेला आणि बोटांना केस लागले, बैलाच्या शेपटीचे असावेत, मग सापाच्या कातीचा एक तुकडा, आणि मग ती गरमी. चार पिल्लं. हात बाहेर काढून मी मागे सरकले तर मादी, मातकट रंगाची, शेपटीखाली विटकरी, माझ्या डोक्यावरून चिरचिरत गेली आणि नर बांधावर समोर येऊन बसला, काळा कुळकुळीत, शेपटी पार पाठीवर उलटी टाकलेली. आमच्याकडे त्याला कुणी नाव ठेवलं नव्हतं, काळं पाखरू म्हणायचे. चीरक हे नाव मला पुढे रोह्याच्या वाचनालयात एका पुस्तकात मिळालं. त्यात लिहिलं होतं की हा पक्षी दरडीतल्या, बांधातल्या, भिंतीतल्या भोकात घर करतो, मादी एकटी घरटं विणते, त्यात केस, मुळं, कधी सापाची कात अंथरते, आणि पिल्लं साधारण दोन आठवड्यांत उडतात. त्या पानावरून मी कितीदा बोट फिरवलं असेल! चोरी केलेल्या माणसाने कायद्याचं पुस्तक वाचावं तसं मी ते वाचायची.

बाबांनी हात घालून घरटं बाहेर काढलं असतं आणि शेतात फेकून दिलं असतं, ते मी लहानपणी पाहिलेलं होतं. त्यात क्रूरपणा नव्हता, त्यांना भात दिसायचं. मी हिशेब केला. पिसांच्या काड्या फुटल्यात, डोळे उघडलेत, म्हणजे अजून पाच दिवस, फार तर सहा. अमावास्येला उडतील. अमावास्येला सकाळी यायचं आणि भोक बुजवायचं, कुणाला कळायचंसुद्धा नाही. तोवर जनूकाकांनी हात घालू नये एवढंच बघायचं होतं. म्हणून मी खाली जाऊन ओली माती आणली, भोक उघडंच ठेवून त्याच्या वर तिचा छोटा पडवीसारखा थर दिला, आणि बाजूला माझा पंजा उठवला. पाची बोटं स्वच्छ उठली. मला आठवतं, मला तो पंजा सुंदर वाटला होता. घरी येऊन मी बाबांना सांगितलं, एक भोक सापडलं, बुजवलं. बाबा म्हणाले, शाब्बास.

अमावास्येला मी पेणला गेले. कॉलेजच्या अर्जाची शेवटची तारीख त्याच दिवशी आहे असं मैत्रीण सांगत आली. शेवटची नव्हतीच, पण ते पेणला पोचल्यावर कळलं. परत यायला चार वाजले, वडखळला गाडी मिळेना, आणि बांधावर जायचं ते मी उद्यावर टाकलं. एवढंच घडलं. मोठ्या पापासाठी मोठा दुष्टपणा लागतो असं मला तेव्हा वाटायचं. दुसऱ्या दिवशी भरदुपारी, भरती पुरी चढायच्या आधीच, बांधावरून ओरडा आला. मी धावले तेव्हा आमच्या वाटणीच्या टोकाला बैलगाडी जाईल एवढं भगदाड होतं आणि पाणी आवाज न करता, सावकाश, शेतात पसरत होतं. आवाज माणसांचाच होता. पुरुष गवताचे भारे, दारं आणून टाकत होते, एकाने तर स्वतःचा पलंग आणून पाण्यात टाकला. जनूकाका छातीएवढ्या पाण्यात उभे होते. मी भोकाची जागा शोधत होते आणि जागाच नव्हती. चार पिल्लांपैकी एकाचंही मला काही दिसलं नाही. मी देवाशपथ सांगते, त्या क्षणी मला शेतापेक्षा आधी पिल्लं आठवली, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

देवळासमोर बैठक बसली. जनूकाका म्हणाले, मी अख्खा बांध फिरलो, तिथे पंजा व्हता. कुणाचा पंजा? गोविंदाच्या पोरीचा. गोविंदा म्हणजे माझे बाबा. बाबांनी मला पुढे बोलावलं. सगळं गाव बघत होतं आणि बाबांच्या हाताला पांढरी पट्टी होती. "बाय, तू भोक बुजवलास?" मी म्हटलं, "व्हय." एकच शब्द. मग तर्क सोपा होता. भोक बुजवलेलं होतं म्हणजे पाणी तिथून शिरलंच नाही, शेजारून शिरलं, जिथे उंदराचं भोक असणार आणि जे राखण्याने बघायचं होतं. म्हणजे राखण्या फिरलाच नाही. जनूकाका बांध फिरल्याचं सांगत होते त्या दुपारी चंद्रावतीकाकू, त्यांची बायको, भाकरी घेऊन बांधावर गेली होती आणि तिला ते जागेवर दिसले नव्हते, हेही निघालं. ते लांबच्या टोकाला फिरत होते म्हणून दिसले नाहीत, हे ते सांगत राहिले. कुणी त्यांना मारलं नाही, वाळीत टाकलं नाही. फक्त राखण काढून घेतली आणि नाव ठेवलं: खांड्या जनू. पोरंसोरंही तेच म्हणायला लागली. दोन वर्षं ते मान ताठ ठेवून "मी फिरलेलो" म्हणत राहिले, आणि मग एका शिमग्याला होळीसमोर उभं राहून त्यांनी कबूल केलं: झोपलो होतो, गावाने माफी द्यावी. गावाने दिली. तेव्हा मी, पेणला प्रवेश न मिळाल्याने, रोह्याला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. गणेशने फोनवर सांगितलं, "कबूल झाला शेवटी म्हातारा." मी फोन ठेवला आणि मला हलकं वाटलं. होय, हलकं. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, पण तसंच वाटलं.

कारण खांड पडली म्हणून मी शिकले. जमीन गेल्यावर बाबा जेटीवर वॉचमन झाले आणि म्हणाले, आता भात नाय, आता पोरीने शिकावं. जमीन असती तर दोन वर्षांत माझं लग्न जवळच्या गावात झालं असतं. आता धाटावच्या एका केमिकल कंपनीत मी लॅबमध्ये आहे, वीस वर्षं झाली. दर नमुन्याच्या कागदावर खाली "तपासले" असं छापलेलं असतं आणि त्यापुढे मी सही करते. कंपनीत माझ्या सहीला किंमत आहे, वैशालीमॅडमने पास केलं म्हणजे पास, असं म्हणतात. एकदाही मी न तपासता सही केलेली नाही, नवी पोरं माझ्यावर त्यावरून हसतात, मी एकेक चाचणी दोनदा करते म्हणून. ते हसले की मीही हसते. पण एसीचं भोक उघडल्यानंतरच्या सोमवारी मी पहिल्याच कागदावर पेन टेकवलं आणि माझा हात पुढे सरकेना. पंजा, सही, व्हय. माझं सगळं आयुष्य त्या खोट्या सहीवर उभं आहे आणि तिचं भाडं दुसराच माणूस भरतोय, असं मला वाटलं, आणि मग असं सुबक वाक्य सुचल्याचाही राग आला. बाबा आठ वर्षांपूर्वी गेले. त्यांना सांगायचं मी ठरवत राहिले. आणि त्याच आठवड्यात गणेश फोनवर बोलता बोलता म्हणाला होता, जनूकाकाला पेणच्या दवाखान्यातून घरी आणलाय, डॉक्टर म्हणाले आता घरीच ठेवा. म्हणजे हेही जाणार होते. सांगायचं असेल तर आता, नाहीतर मग कधीच नाही.

रविवारी मी नितेशला सांगितलं, गणेशकडे जाऊन येते. वडखळला उतरून रिक्षा केली. गावात शिरताना डावीकडे आमची शेतं होती ती जागा लागते. तिथे आता तिवरांचं हिरवं रान आहे, पाहुणे त्याचे फोटो काढतात. गणेशला शेतीच करायची होती. तो शाळेत असताना वहीच्या मागच्या पानावर कुठल्या खाचरात कुठलं भात लावायचं ते काढून ठेवायचा. आता जेटीवरून माल भरलेला टेम्पो चालवतो, आणि त्याची मुलगी भूमिका जनूकाकांना बघून "खांड्या आजोबा" म्हणते, तो तिला दटावत नाही. मी आधी गणेशकडे गेले नाही. गेले असते तर चहा झाला असता, जेवण झालं असतं, आणि मी परत आले असते.

जनूकाका ओटीवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते, पायांवर चादर. इतके लहान झाले होते की मी आधी चुकीच्या घरी आले असं मला वाटलं. चंद्रावतीकाकू दारात सूप घेऊन तांदूळ निवडत होती. "गोविंदाची वैशाली गो?" ती म्हणाली. "बस. कवा आलीस?" मी बसले. मोसंबी आणली होती ती खाली ठेवली. दवाखान्याचं विचारलं, झोप लागते का विचारलं. ते हो-नाही म्हणत होते. मग काकूच्या सुपाचा आवाज तेवढा होत राहिला. इतकी वर्षं मी या वाक्याची तयारी केली होती, वेगवेगळ्या सुरुवाती करून पाहिल्या होत्या. त्यातली एकही आली नाही.

"काका, मी भोक बुजवलं नव्हतं."

"कुठला भोक?"

"बांधाचं. खांड पडली तिथलं. मी पंजा उठवला, पण भोक उघडंच ठेवलं होतं. आत पाखराची पिल्लं होती. तुम्ही हात घालू नये म्हणून पंजा उठवला. बैठकीत मी खोटं बोलले."

सुपाचा आवाज थांबला. काका माझ्याकडे बघत नव्हते, ओटीच्या कडेला बघत होते. रागावतील, निदान शिवी देतील, याची मी वाट पाहत होते. मला ती हवी होती.

"काला पाखरू?" ते म्हणाले. "शेपटीखाली तांबडा?"

"हो."

"किती पिल्लां?"

"चार."

ते मान हलवत राहिले, आपल्याशीच. "त्याचा घरटा जमिनीच्या अंगाला असते. खाडीच्या अंगाला कवाच करत नाय ता. पाखराला कलते पानी कुठून येनार. दर वर्साला दोन-तीन घरटी असायची बांधात. तुज्या बापाला सांगायचो नाय मी, तो काढून टाकायचा." त्यांना धाप लागली, ते थांबले, मग हाताने हवेत बांध दाखवला, ही खाडी, हे शेत. "आमी खाडीच्या अंगानं बुजवायचो. चांगला ठोसून, हातभर. इकडून उघडा ठेवायचा. पाखरू येते-जाते, त्याला काय समजत नाय. पिल्लां उडाली का मंग इकडून बुजवायचा." आणि मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "मना सांगायचा ना गो, बाय. पाखरू पन ऱ्हायला असता, बांध पन ऱ्हायला असता."

मी खूप गोष्टींची तयारी करून आले होते, याची नव्हती. इतकी वर्षं मी स्वतःला एक गोष्ट सांगत आले होते, की मला दोनांतलं एक निवडावं लागलं, पिल्लं की शेत, आणि अठराव्या वर्षी मी चुकीचं निवडलं. त्या गोष्टीत मी वाईट होते, पण हळवी तरी होते. आता कळलं की निवडायचं काही नव्हतंच. एका माणसाला विचारायचं होतं, आणि त्याला तर माहीत होतं. मी काळजी घेतली होती ती फक्त लपवायची. मी फरशीवरचे तांदळाचे दोन दाणे उचलून मुठीत धरले.

"म्हंजे तू फिरलेलास?" चंद्रावतीकाकू म्हणाली. ती माझ्याशी बोलत नव्हती. सूप मांडीवर तसंच होतं.

काकांनी पायांवरची चादर सारखी केली.

"तुला विचारतेय मी. त्या दिवशी तू बांधावर फिरलेलास?"

"फिरलेलो."

"मंग होलीसमोर झोपलेलो म्हनालास ता?"

"तू माज्या हातचा पानी पन घेत नव्हतीस," काका म्हणाले. "दोन वर्सां. रोज जेवताना विचारायचीस, खरा सांग, खरा सांग. खरा सांगून तुला पटत नव्हता. मंग खोटा सांगितला. तवा जेवलीस तू माज्यासंगं."

मला वाटलं काकू रडेल, आणि मी उठून तिचे पाय धरायच्या बेतात होते, पण तिने सूप बाजूला ठेवलं, पदराला लागलेला कोंडा झटकला आणि उभी राहिली. सत्तरीच्या बाईने इतकं सरळ उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं. तिने माझं मनगट धरलं.

"चल."

"कुठे?"

"दारादारांनी. मना सांगितलास ता त्यांना सांग. बैठकीला होते त्यांतले कोन कोन ऱ्हायलेत ते मना म्हाईत हाय. नाय ऱ्हायले त्यांच्या पोरांना सांग."

"ऱ्हाव दे गो," काका खुर्चीतून म्हणाले. "पोर हाय ती."

"पोर व्हती," काकू म्हणाली. "आता नाय."

तिचा हात खरखरीत होता आणि पकड घट्ट. मी सोडवून घेऊ शकले असते, पण घेतलं नाही. पायरी उतरताना मी मागे वळून पाहिलं. काकांनी चादर पायावरून काढली होती आणि खुर्चीच्या हाताला धरून ते उठायचा प्रयत्न करत होते, बहुतेक ऐकायला यायचं होतं त्यांना. काकू थांबली नाही. उन्हात बाहेर आलो तेव्हा मी मनात घरं मोजायला लागले, कुणाचं कुठलं, कोण आहे, कोण नाही. आणि मग लक्षात आलं की या आळीने जाताना पहिलं घर आमचंच लागतं. गणेश अंगणात टेम्पो धूत होता, पाठमोरा, पाइपचं पाणी चाकांवर मारत. भूमिका पायरीवर बसून पेरू खात होती. तिने आम्हा दोघींना एकत्र येताना पाहिलं आणि पेरू खायची थांबली.

फाटकापाशी येऊन काकूने माझं मनगट सोडलं. "तूच हाक मार," ती म्हणाली.

मी गणेशला हाक मारली.